दोन बोटांचा आस

मला राग आला की मी बोलत नाही. मी लाकूड घासतो.

सावंतवाडीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो तेव्हापासूनची ही सवय. तिथे संध्याकाळी मी लाकडी खेळणी करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसत असे. त्याने मला कधी 'ये' म्हटले नाही आणि 'जा'ही म्हटले नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने न बोलता एक पटाशी माझ्यापुढे सरकवली. पुढे मी देवबागला परतलो तो दोन पेट्या घेऊन. एकीत शिक्षकाची सनद होती. दुसरीत चार पटाश्या, एक कानस आणि पाकटाच्या वाळलेल्या कातड्याचे तुकडे. पाकट हा खरखरीत पाठीचा मासा. त्याच्या कातड्याने घासले की लाकडात चेहरा दिसू लागतो. आमच्या घरात पहिल्या पेटीचा मान राखला गेला. दुसरीला माझा थोरला भाऊ 'मास्तराची बायल' म्हणत असे.

आमच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. त्यामुळे आमच्या घरात पुरती शांतता कधी नसते. कोणीच काही बोलले नाही तरी दोन्ही बाजूंनी पाणी बोलत राहते. लहानपणापासून मी त्या आवाजाच्या आड लपत आलो आहे.

लवूदादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर रापणीच्या दोरीला त्यांच्या जागी त्याने खांदा लावला. त्याची बायको जानकीवहिनी, दोन मुले, मी, आणि नवऱ्यामागे माहेरी परत आलेली आमची बहीण तुळसा, असे सगळे घर त्याच्या त्या खांद्यावर होते, हे मी नाकारीत नाही. पण तो खांदा तो आम्हाला रोज दाखवीत असे. मे महिन्याच्या सुट्टीत मी पडवीच्या कोपऱ्यात काहीतरी कोरीत बसलेला असे, आणि समुद्रावरून आलेला तो पायांची वाळू झाडता झाडता माझ्यासमोर थांबे.

"मास्तर, जेवूक येतलंस काय त्या लाकडाकच चावतलंस?"

मी हसत असे.

"दोरी वढूक सांगली तर ह्येचे हात दुखतत. नि ह्या बग गो जानकी, चेडवांची बाहुली घासूक हात कसे चलतत ते!"

मी पुन्हा हसत असे. तो आत गेला की ते हसू माझ्या तोंडावर मिठासारखे वाळून राही, आणि मी कातड्याचा तुकडा उचलीत असे.

सन अठ्ठावन्नच्या त्या सुट्टीत मी बाहुली करीत नव्हतो. तुळसाबायसाठी जाळे विणायची पट्टी करीत होतो.

रापण हे एका घराचे जाळे नव्हे. किनाऱ्यावरून दोन बाजूंनी ओढायचे ते प्रचंड जाळे चाळीस घरांच्या चाळीस तुकड्यांचे असते. प्रत्येक घराने आपला तुकडा विणायचा, तो शेजाऱ्याच्या तुकड्याला जोडायचा, आणि त्याच्या बळावर मासळीत वाटा घ्यायचा. माणूस मेला तरी त्याचा वाटा मरत नाही. पण तुकडा कुजला आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नवा आला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाते. तुळसाबायचा नवरा बाबली काविळीने गेला. त्याचा तुकडा त्याच्यामागे दोन हंगाम कसाबसा टिकला, आणि त्या वर्षी हातात धरताच भिजलेल्या कागदासारखा सुटला. जागा राहिली तर तुळसाबायला स्वतःचा वाटा राहणार होता. जागा गेली तर तिथे लवूदादा आपला दुसरा तुकडा लावणार होता. त्याने हे लपवून ठेवले नव्हते.

"कित्याक हात झिजवतंस गो?" तो एकदा जेवताना म्हणाला. "वाटो माज्याकडे इलो काय नि तुज्याकडे ऱ्हवलो काय, खातंव तर एकाच चुलीवरचा."

"खातंव एकाच चुलीवरचा," तुळसाबाय ताटावरून मान न उचलता म्हणाली, "पण वाढता कोण, तां बगूक होया."

जानकीवहिनीच्या हातातली पळी मध्येच थांबली. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

जाळे विणताना पट्टीभोवती दोरा फिरवून गाठ मारायची असते, मग पुढची गाठ, मग त्याच्या पुढची. पट्टीची रुंदी ठरवील तेवढा जाळ्याचा आस, म्हणजे गाठींमधली एकेक चौकट. बाबलीची बांबूची पट्टी मधोमध चिरली होती आणि दोरा त्या चिरेत अडकत होता. "हरी, माका एक नवी करून दी रे," तुळसाबाय म्हणाली होती. "साधीच कर. एवडीच." माझे नाव हरिश्चंद्र, त्या घरात मला हरी म्हणणारी ती एकटी उरली होती. आणि मला कोणी काही करून मागण्याचीही ती पहिलीच वेळ होती.

एका मोडक्या पाटाचे फणसाचे लाकूड घेतले. आतून हळदीसारखे पिवळे निघाले. शाळेची फूटपट्टी लावून बरोबर एक इंच रुंदीची पट्टी कापली, कडा गोल केल्या. मुठीच्या टोकाला सुरंगीच्या कळ्यांचा एक वळेसर, म्हणजे गजरा, कोरला. इतके चार दिवसांत झाले. तिथे थांबायला हवे होते. पण सुट्टीचे अजून तीन आठवडे उरले होते, आणि लवूदादा रोज समुद्रावरून घरी येत होता.

तो 'मास्तर' म्हणाला की मी डावी कड घासत असे. 'मास्तराची बायल' म्हणाला की उजवी. एके दिवशी शेजारच्या माणसांसमोर त्याने माझ्या मनगटाभोवती आपली दोन बोटे वळवून दाखवली, अंगठा आणि करंगळी, आणि सगळे हसले. त्या दिवशी मी सूर्य बुडेपर्यंत घाशीत होतो. पिवळी भुकटी मांडीवर, जमिनीवर, तुळशीच्या पारापर्यंत उडत होती. पट्टी इतकी सुंदर झाली की तिच्याकडे पाहून मला बरे वाटे. बोटाखालून ती सापाच्या पोटासारखी सरकत असे. आपला राग अशा रीतीने एका देखण्या वस्तूत जाऊन बसतो, याचा मला मनातून अभिमानच होता.

शाळा उघडली त्या दिवशी मी ती तुळसाबायच्या हातात दिली. तिने दोरा घेऊन एक गाठ मारून पाहिली, दुसरी मारली आणि माझ्याकडे पाहून हसली. बाबली गेल्यानंतर तिला तसे हसताना मी पाहिले नव्हते.

"पान्यासारखो सरता रे दोरो!"

मी पुन्हा माप घेतले नाही. चौथीच्या मुलांना मात्र मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे: कापण्याआधी मोजा, आणि कापून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा.

ज्येष्ठ-आषाढभर ती विणत राहिली. सकाळची भांडी, दुपारचे जेवण, लवूदादाच्या मुलांच्या आंघोळी, सगळे आटोपून ती पडवीत बसे. जाळ्याचे टोक पायाच्या अंगठ्यात धरी, आणि मग तिचे हात असे चालू लागत की त्यांच्याकडे पाहताना वेळेचे भान राहत नसे. धाकट्या भाच्याला ती विणलेल्या जाळ्याच्या ढिगावरच निजवी. वाऱ्याने पाऊस पडवीत येई तेव्हा ती ढीग ओढून आत सरके, मुलासकट. विणून झाल्यावर तिने तो तुकडा ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढला, म्हणजे खाऱ्या पाण्यात तो कुजू नये. तिचे हात तळव्यांपासून कोपरापर्यंत तांबडे झाले. मी शाळेतून आलो की तिच्यासमोर वह्या तपासत बसत असे. त्या दोन महिन्यांत मी सुखी होतो, हे लिहिताना आता लाज वाटते.

नारळी पौर्णिमेला पाच दिवस असताना तुकडे जोडायचे काम निघाले. रापणीचे जाळे ठेवायच्या मांगरापुढे वाळूवर सगळे जमले. रापणीचा मुख्य गुरुदास तांडेल, सत्तरीचा माणूस. त्याचे माप म्हणजे त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे. ती जोडून आसात घालायची. दुसऱ्या पेरापर्यंत गेली तर आस बरोबर. चाळीस वर्षे देवबागच्या त्या रापणीला दुसरे माप माहीत नव्हते.

त्याने तुळसाबायच्या तुकड्यात बोटे घातली. ती पहिल्या पेराशीच अडकली.

त्याने दुसरीकडे घालून पाहिली, मग मधोमध, मग कडेला. सगळीकडे पहिल्या पेराशीच. मी मांगराच्या खांबाशी उभा होतो. तिसऱ्या वेळी बोटे अडकली तेव्हाच मला सगळे समजले. सुतार ज्याला सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याच्या निम्म्याने ती पट्टी झिजलेली असणार. आसाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्याला न दिसणारे ते अर्धे सूत तीनशे आसांत दोन हात होते.

"जमणा नाय गो बायो," तांडेल म्हणाला. "ह्यो शेजारच्याक लावलो तर सांध्यार चुणये पडतले. वढ इली की हंयच फाटतलो."

"मासे धरूक विणलंस काय डास?" कोणीतरी मागून म्हटले, आणि वाळूवर हशा पसरला.

"मी सांगी होतंय," लवूदादा पुढे येऊन म्हणाला. तो हसत नव्हता, आणि ते अधिक वाईट होते. "आस म्हणजे काय कालवणातला मीठ न्हय, अदमासान घालूक. बायलमाणसाचो हात भाकरेक बरो. आता झाला मां समाधान? दोन म्हयने घरातली कामा सोडून बसली होती."

तुळसाबायने आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, जणू काही चूक त्यांच्यावर कुठेतरी लिहिलेली सापडेल. ते अजून तांबडे होते. मी एक वाक्य मनात तयार केले. ते चार शब्दांचे होते. ते मी तीनदा मनात म्हटले आणि तिन्ही वेळा समुद्राची एक लाट येऊन फुटली, आणि प्रत्येक वेळी मला वाटले की ही लाट ओसरली की बोलू.

मग तिने तो ओला जड तुकडा एकटीने डोक्यावर घेतला. मी हात पुढे केला. तिने तो पाहिला नाही.

घरी पोहोचलो तेव्हा ती पडवीत बसली होती. बाबलीच्या चिरलेल्या पट्टीला तिने दोऱ्याने घट्ट आवळून बांधले होते आणि तिच्यावर माझी पिवळी पट्टी ठेवली होती. जुन्या बांबूची एक बारीक रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होती.

"हरी. हंय ये."

मी गेलो.

"ह्या तुका कळलेला?"

मी मान खाली घातली.

"थंयच? तांडेलान बोटा घातल्यान तेवाच?"

"होय."

"नि उबो ऱ्हवलंस."

"बाय, मी—"

"उबो ऱ्हवलंस!" तिचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. आत जानकीवहिनीचा पाटा-वरवंटा थांबला. "माज्या हातांका नावा ठेवल्यानी, सगळे दात काडून हसले, नि तू खांबाक टेकान उबो! मेल्या, चूक केलंस तेचो राग नाय माका. चूक माज्या हातान पण झाली असती. पण तुका ठावक होता!"

मी काही तरी पुटपुटलो. सुट्टीचे दिवस, दादाचे बोलणे, असे काहीसे.

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "माका काय डोळे नाय? तो बोललो की तू घासतंस. तो बोललो की तू घासतंस. लाकडाक घासूक तुका हात आसत, भावाक एक सबद उलट सांगूक तोंड नाय. सगळो राग तू ह्या पट्टीत घातलंस, नि विणलंय मी!"

तिने पट्टी भिरकावली. ती कुडाच्या भिंतीवर आपटून माझ्या पायांशी येऊन पडली. सुरंगीची एक कळी तुटली होती. आणि तेव्हा, हे सांगितलेच पाहिजे, मला पहिला राग आला तो त्या तुटलेल्या कळीसाठी. त्यानंतर तुळसाबायचा, कारण ती खरे बोलली होती. त्यानंतर लवूदादाचा. स्वतःचा राग सर्वांत शेवटी आला, पण आला तो मग गेला नाही. मी मागच्या दाराने खाडीवर गेलो. ओहोटीने चिखल उघडा पडला होता. माझ्या हातात सवयीने कातड्याचा तुकडा आला होता आणि घासायला काहीच नव्हते. मी तो स्वतःच्याच तळहातावरून एकदा ओढला. मग खाडीत फेकला. तो बुडालासुद्धा नाही. पाण्यावर तरंगत बराच वेळ माझ्यासमोरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी मांगराशी गेलो. हातात फूटपट्टी आणि ती पिवळी पट्टी. तुकडे जोडणारे दहाबारा जण होते, त्यांत लवूदादाही होता.

"तांडेलकाका, मला काही निवेदन करायचे आहे," मी म्हणालो.

"बरा बोल मरे मास्तर," एकजण हसून म्हणाला. "आमी काय शाळा तपासूक इलेले नाय."

माझे कान तापले. पूर्वी एवढ्यावरच मी परत फिरलो असतो.

"पट्टी मी केलेली," मी म्हणालो. "ही. ह्या बगा, इंचाक अर्धा सूत कमी आसा. माप माजा चुकला. बायचो हात चुकाक नाय. तीनशे आसांतलो एक तरी आस दुसऱ्यापरास ल्हान-मोठो सापडलो तर माका सांगा."

गुरुदास तांडेलाने पट्टी घेतली, फूटपट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही, अंगठ्याने कड चाचपली आणि मान हलवली. "खरा आसा. काल माकापण तां दिसला. इतको एकसारखो हात ह्या वाळयेर माज्या आवशीचो होतो." आईची आठवण काढून त्याने पट्टी माझ्या हाती परत दिली.

"मगे काय?" लवूदादाने सुई खाली ठेवली. "सगळे आस एकसारखे चुकले म्हणान बरोबर झाले?"

"तू गप ऱ्हव दादा," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटले की हे दुसरेच कोणी बोलले. लवूदादाने माझ्याकडे असे पाहिले, जणू घरातल्या एखाद्या खांबाला कंठ फुटला होता.

"काय म्हटलंस?"

"काल मी गप ऱ्हवलंय. आज तू ऱ्हव." मी थांबलो नाही. "तुका तिची जागा होयी. तां तू तोंडार सांगलंस, बरा केलंस. पण तिच्या हाताक नावा ठेवायची नाय. हात तिचो बरो आसा. वायट आसा ता माज्या पट्टीत आसा, नि ता त्या पट्टीत कशान इला, तां तुका ठावक आसा."

"माका?" तो उसळून म्हणाला. "माका कसा ठावक? मी काय तुका घास म्हणान सांगलंय?"

याचे उत्तर मी देऊ शकलो असतो. वीस दिवसांचे उत्तर माझ्याजवळ होते. पण त्याच वेळी मागून वाळूवर पावले वाजली. तुळसाबाय आली होती, डोक्यावर तोच तुकडा. ती माझ्याकडे वळली नाही. तिने जाळे तांडेलासमोर ठेवले.

"तांडेलकाका, एक इचारतंय. मदल्या खोळीक लागान जो तुकडो येता, तेका कसलो आस होयो?"

रापणीच्या मधोमध एक मोठी खोळ असते; ओढताना सगळी मासळी तिच्यात गोळा होते. तिच्याजवळ जाळ्याची उंचीही कमी कमी होत जाते, त्यामुळे दोन हात कमी भरणारा तुकडा तिथे बसतो.

"बारीक होयो," तांडेल म्हणाला. मग तो थांबला. त्याचे डोळे बारीक झाले.

"गेल्या साली तारल्यो खंयसून सुटल्यो?" तुळसाबायने विचारले.

सगळ्यांनी लवूदादाकडे पाहिले, कारण खोळीलगतचा तुकडा आमच्या घरचा होता, वडिलांच्या काळापासून. जुना होऊन त्याचा आस सैल पडला होता, आणि गेल्या हंगामात तारली माशांचा एक अख्खा थवा त्यातून निसटला तेव्हा याच माणसांनी त्याला शिव्या घातल्या होत्या.

"माजो तुकडो थंय घाला," तुळसाबाय म्हणाली. "नि दादाचो भायर काडा, बाबलीच्या जाग्यार. थंय मोठो आस चलता."

"थंय वढ मोठी लागता गो," तांडेल म्हणाला, पण तो आता वाकून पाहत होता. त्याने एक गाठ उरलेल्या दातांत धरून जोराने ओढली. "दोरो दुपदरी?"

"तिपदरी. चातयेर मीच पिळलंय," बोटांनी टकळी फिरवल्यासारखे करीत ती म्हणाली.

म्हाताऱ्याने दात सोडले आणि खो-खो हसला. "आवशीक खाव! बायोन डास धरूचा जाळा न्हय, तारल्यांचा जाळा विणल्यान. घाला रे ह्यो खोळीक!"

"ती बापाशीची जागा आसा!" लवूदादा ओरडला. त्याच्या आवाजात रागाखाली दुसरे काहीतरी फाटले, ते मी ऐकले. वडिलांच्या मागे त्या खोळीशेजारी उभे राहण्याचा मान, एवढी एकच गोष्ट त्याने आजवर स्वतःसाठी ठेवली होती.

"बापूस तिचो पण होतो मां?" तांडेल शांतपणे म्हणाला, आणि सुई उचलून कामाला लागला.

त्या संध्याकाळी दारात उभा राहून लवूदादाने आतल्या अंधाराला सांगितले, "जेचो वाटो तेची चूल." जानकीवहिनी रडू लागली. तुळसाबाय रडली नाही. तिने एक मडके, एक तवा आणि आपली चटई उचलली, मागच्या दारी माडाखाली तीन दगड मांडले आणि वारा अडवायला झापांचा आडोसा केला. मी दगड आणून देत होतो तेव्हा ती एकदाच बोलली.

"तुजो राग गेलो नाय माजो. तू बोललंस म्हणान जायत असा समजू नको."

"नाय समजणय," मी म्हणालो.

नारळी पौर्णिमेला सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ समुद्राला वाहिला, आणि दोन दिवसांनी रापण पडली. जोडणीच्या सगळ्या सांध्यांकडे मी पाहत नव्हतो. मी एकाच सांध्याकडे पाहत होतो. ओढ आली, जाळे ताणले गेले, खोळ वाळूवर चढली. सांधा धरून राहिला. तुळसाबायच्या टोपलीत पहिला वाटा पडला तेव्हा तिने तो झाकून घेतला नाही. उघडी टोपली डोक्यावर घेऊन ती सगळ्या वाडीतून, पुढच्या दारावरून, मुद्दाम हळू चालत घरी गेली.

रविवारी मी माडाखाली बसलो होतो. तिने चुलीवरून न वळता ती पिवळी पट्टी माझ्याकडे सरकवली. तुटलेली कळी तशीच होती.

"आणि एक कर. ह्याच मापाची. चुकलेल्या. ह्यो तुकडो खंय फाटलो तर दुसऱ्या मापान सांदूक येवचा नाय."

"मूठ कशी करू?"

"नको मूठ. बांबूची कर. नि घासू नको."

मला राग आला. न घासलेले लाकूड माझ्या डोळ्यांना उघडे, गरीब दिसते. करून झालेल्या वस्तूत सुरीच्या खुणा ठेवणे म्हणजे काम अर्धे टाकून उठण्यासारखे वाटते. पण मी बांबू चिरला. फूटपट्टी लावली, अर्धे सूत कमी धरले, कापले, आणि पुन्हा मोजले. कडांवर सुरीचे वार स्पष्ट दिसत होते. तिने दोरा फिरवून पाहिला. तो पाण्यासारखा सरला नाही. दोनदा अडखळला आणि गाठ बसली.

"बरी आसा," ती म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या दारातून लवूदादाचा आवाज आला. घराच्या आरपार यावा एवढा मोठा, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा.

"मास्तर! कोणाच्या चुलीर जेवतंस रे आज? का तेचा पण उत्तर लाकडाक दितलंस?"

तुळसाबायचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले नाही, चुलीतल्या जाळाकडे पाहत राहिली.

मी सुरी खाली ठेवली, मांडीवरचा भुसा झटकला आणि पुढच्या दाराकडे निघालो.